आपलीच रचना, आपलंच क्वार्टेट: पुढे बसून नेतृत्व कसं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी व्हायोलिन वाजवतो आणि रचनाही करतो. तीन वादक जमवून समकालीन संगीताचं स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो असा चौघांचा संच; त्यांच्यासाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात) सुरू केलं आहे. बहुतेक रचना माझ्याच असल्यामुळे तालमीत सगळे माझ्याकडे बघतात. मी समजावून सांगतो, त्या दिवशी जमतं, पुढच्या तालमीला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नेता म्हणून मी नक्की काय करायला हवं?’

तालमीत तुम्ही जे जे तोंडाने सांगता, ते तुमच्या पार्टमध्ये, म्हणजे एकेका वादकासमोरच्या स्वरलिपीत, लिहायचं राहून गेलेलं आहे. समजावल्यावर त्या दिवशी जमतं, कारण तुमचं गुणगुणणं, हातवारे, मान डोलावणं सगळं ताजं असतं. चार दिवसांनी वादकासमोर उरतो फक्त कागद. म्हणून कोणी शंका विचारली की उत्तर देण्याआधी पेन्सिल उचला आणि आधी पार्टमध्ये काय बदललं तर ही शंका आलीच नसती ते बघा. माझ्या मते संगीतकार-नेत्याचं निम्म्याहून अधिक काम इथेच होतं. उरलेलं काम खुर्चीवर बसून, श्वासाने आणि गजाने.

एक जागा जवळून बघू. समजा, आठ बारांत (बार म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेषांनी पाडलेले मात्रांचे भाग) लय वाढवत न्यायची आहे. तुम्ही चारही पार्टवर ‘अॅचेलेरांदो’ लिहिलंत. पहिल्या व्हायोलिनला लांब सूर, दुसऱ्याला तुटक जोडस्वर, व्हायोलाला अखंड सेमीक्वेव्हर (पाव मात्रेचे स्वर) आणि चेलोला प्रत्येक बारच्या सुरुवातीला एक पिझिकाटो (बोटाने छेडलेला सूर). तुम्ही पहिल्या खुर्चीवरून मान हलवत लय ओढायला जाता. व्हायोलावादक एक डोळा तुमच्यावर, एक कागदावर ठेवून मागून येतो आणि पाचव्या बारपर्यंत चेलो कोणाबरोबर पडावं या विचारात अडकलेला असतो. इथे कितीही समजावलंत तरी उपयोग नाही, कारण लय त्याच्याच हातात असते ज्याच्याकडे सगळ्यात बारीक मात्रा आहेत. लांब सूर धरून बसलेल्या माणसाकडे लय दाखवायला काही नसतंच. तेव्हा व्हायोलाच्या पार्टवर स्पष्ट लिहा: ‘लय इथून’. सुरुवातीला मेट्रोनोमचा आकडा (मिनिटाला किती मात्रा) 72, पाचव्या बारला 88, शेवटी 108 असे टप्पे टाका. बाकी तिघांच्या पार्टमध्ये व्हायोलाची ओळ लहान टायपात क्यू (आत शिरायची खूण) म्हणून छापा. तुमच्याकडे फक्त नवव्या बारचा उठाव (सगळ्यांनी एकत्र सुरू करण्यासाठीचा श्वासाचा इशारा) ठेवा. आता हीच जागा तुम्ही गावाला गेलात तरी बाकीचे तिघे बसवू शकतात.

आता खुर्चीबद्दल. आपण रचनाकार, म्हणजे पहिलं व्हायोलिन आपलंच, असं आपोआप धरून चालू नका. इतिहासात दोन्ही तऱ्हा सापडतात. लुई श्पोर हा एकोणिसाव्या शतकातला मोठा व्हायोलिनवादक-संगीतकार. त्याने 36 क्वार्टेट लिहिले, आणि त्यांतले काही त्या काळच्या ‘कात्युओर ब्रियाँ’ या प्रकारातले आहेत: पहिल्या व्हायोलिनने झळकायचं, तिघांनी साथ द्यायची. ते वाजवायला कठीण आणि ऐकायला सुखद आहेत, पण आतल्या तीन पार्टना करण्यासारखं फार थोडं असतं. उलट 1784 मध्ये व्हिएन्नात एका घरगुती बैठकीत हायडन पहिलं व्हायोलिन, डिटर्सडॉर्फ दुसरं, मोझार्ट व्हायोला आणि वानहाल चेलो असे त्या काळचे चार संगीतकार बसले होते. मायकेल केली या गायकाने आपल्या आठवणींत ते नोंदवलं आहे. (वादक म्हणून चौघांतलं कोणीच विशेष नव्हतं, हेही त्याने नोंदवलं आहे. वाचून जरा धीर येतो.) जर्मन संगीतकार हिंडेमिट तर उत्तम व्हायोलिनवादक असून व्हायोलाकडे वळला. 1921 मध्ये डोनाउएशिंगनच्या महोत्सवात त्याचा क्वार्टेट वाजवायला ठरलेल्या वादकांनी नकार दिला, तेव्हा लिको अमार याला पहिल्या व्हायोलिनवर बसवून त्याने नवी मंडळी उभी केली आणि स्वतः व्हायोला धरला. पुढे अमार क्वार्टेट म्हणून नाव झालं ते हेच.

व्हायोला नाही, तर निदान दुसऱ्या व्हायोलिनवर तरी बसून बघा. अमेरिकेतलं इमर्सन क्वार्टेट 1976 पासून 2023 पर्यंत चाललं आणि त्यांचे दोन्ही व्हायोलिनवादक पहिली-दुसरी खुर्ची आलटून पालटून घेत. आपल्याच रचनेत दुसरी खुर्ची घेतली की दोन गोष्टी घडतात. एक, आतल्या ओळी किती कंटाळवाण्या लिहिल्यात ते दोन तालमींत हातांना कळतं. दुसरं, पहिल्या खुर्चीवरचा माणूस तुमच्या ओळीला असं काही वळण देतो जे तुमच्या डोक्यात नव्हतं. ते आवडलं नाही तर सांगायचा हक्क तुम्हाला आहेच, पण आधी पूर्ण ऐकून घ्या.

याला जोडूनच एक युक्ती. नव्या रचनेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या तालमीत अर्धा तास तिघांना तुमच्याशिवाय वाजवायला लावा. तुम्ही स्कोअर (चारही पार्ट एकत्र असलेली प्रत) घेऊन खोलीच्या टोकाला बसा आणि तोंड उघडू नका. ते जिथे अडखळतात, एकमेकांना विचारतात, किंवा तुमच्याकडे बघून थांबतात, त्या जागी स्कोअरमध्ये फुली मारा. बहुतेक फुल्या एकाच जातीच्या निघतील: कोणाचं ऐकून आत शिरायचं ते कळत नाही, शांततेची मात्रा मोजायला आधार नाही, एकाला ‘पियानो’ (मृदू आवाजात) आणि दुसऱ्याला ‘मेत्सो पियानो’ (थोडं कमी मृदू) लिहिलंय ते मुद्दाम की चुकून, ते समजत नाही. वादाचा बराचसा भाग इथेच मिटतो, कारण ‘मला असं अभिप्रेत होतं’ हा हुकमाचा पत्ता तुम्ही टाकतच नाही. तालमीत हा पत्ता दोन-तीनदा पडला की चांगले वादक मतं मांडणं बंद करतात. मग ‘तू सांग तसं’ ऐकू येतं, ते सौजन्य म्हणून घेऊ नका.

दुसरी अडचण तुमच्या कानाची आहे. रचना तुम्हाला पाठ असल्यामुळे न वाजलेलाही सूर तुम्हाला ऐकू येतो. एक्केचाळिसाव्या बारमधली चेलोची उतरती ओळ इतरांना ऐकूच येत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. तालमीचं रेकॉर्डिंग करा, माइक तुमच्या स्टँडजवळ न ठेवता पाच-सहा मीटर लांब ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी स्कोअर न उघडता ऐका. ओळ ऐकू आली नाही तर चेलोला ‘जोरात’ सांगण्याआधी वरच्या तिघांचं काय चाललंय ते बघा. बऱ्याचदा व्हायोला त्याच सप्तकात, त्याच जोरात काहीतरी भरत असतो. व्हायोलाला दोन बार विश्रांती दिली की ओळ आपोआप वर येते.

लेखनातली एक सवय व्हायोलिनवाल्यांना हमखास नडते: चेलोसाठी आपण मोठं व्हायोलिन समजून लिहितो. व्हायोलिनवर एका पोझिशनमध्ये, म्हणजे हात न सरकवता, पहिल्या ते चौथ्या बोटात शुद्ध चौथा स्वर (सा ते म एवढं अंतर) सहज बसतो. चेलोवर खालच्या पोझिशनमध्ये त्याच बोटांत जेमतेम मायनर थर्ड (सा ते कोमल ग) येतो, ताणून मेजर थर्ड (सा ते शुद्ध ग). म्हणजे तुमच्या हाताखाली अलगद बसणारी चार स्वरांची धावती तान चेलोवर तार बदलून किंवा हात सरकवून घ्यावी लागते, आणि प्रत्येक सरकण्याला वेळ लागतो. कृत्रिम हार्मोनिक्सचंही (एका बोटाने तार दाबून दुसऱ्याने वर हलका स्पर्श करून काढायचे शिटीसारखे सूर) तेच. चौथ्या स्वरावर हलका स्पर्श करायचा प्रकार व्हायोलिनवर पहिल्या-चौथ्या बोटाने होतो. चेलोवर त्यासाठी अंगठा वर आणावा लागतो. अंगठ्यावरून साध्या पोझिशनला परतायला मध्ये थोडी जागा ठेवा. पिझिकाटोवरून गजावर यायला, म्यूट (नाद दबवण्यासाठी तारांवर बसवायचा तुकडा) लावायला-काढायलाही तसंच. तारेवर सरकवायचा म्यूट असेल तर काम लवकर होतं, पण तोही निमिषात होत नाही. ही जागा लिहिताना सोडली नाही, तर वादक ती स्वतःच्या पद्धतीने चोरतो, आणि तुम्हाला वाटतं तो लय सांभाळत नाही.

सुरांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण समकालीन क्वार्टेट मोकळ्या (बोट न दाबता वाजवलेल्या) तारांवर फार प्रेम करतं आणि गडबड तिथेच होते. चेलो आणि व्हायोलाच्या तारा सी-जी-डी-ए, व्हायोलिनच्या जी-डी-ए-ई. प्रत्येक जोडी अगदी शुद्ध सा-प लावली, तर तो पाचवा 702 सेंटचा (सेंट हे स्वरांतराचं माप; एका सप्तकात 1200). सी पासून ई पर्यंत असे चार पाचवे चढून दोन सप्तकं वजा केली की उरतात साधारण 408 सेंट. पण सी वरचा स्वयंभू गंधार, तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तो, 386 सेंटवर असतो. मधला फरक जवळजवळ 22 सेंटचा. म्हणजे चेलोची मोकळी सी आणि व्हायोलिनची मोकळी ई एकत्र धरली, तर प्रत्येकाचं वाद्य बिनचूक लागलेलं असूनही गंधार चढाच लागणार. तालमीत मग सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात.

यावर उपाय दोन. एक, सगळ्यांनी मिळून पाचवे किंचित अरुंद लावायचे, म्हणजे चेलोची सी थोडी वर राहते. बरीच क्वार्टेट तसं करतात. दुसरा उपाय लिहिणाऱ्याच्या हातात आहे: खाली सी धरून ठेवणारा लांब कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) असेल, तर वरची ई मोकळ्या तारेवर न देता ए तारेवर चौथ्या बोटाने द्या, म्हणजे बोट सूर खाली घेऊ शकतं. मोकळ्या तारेची खूण फक्त तिथेच टाका जिथे तो उघडा, कोरडा नाद हवा आहे. आणखी एक पेच असा, की तीच ई व्हायोलाच्या ए बरोबर पंचम म्हणून आली तर तिला वर राहायचं असतं. तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या कॉर्डला आधारस्वर कोणाचा हे ठरवा आणि ज्याने हलायचं त्याच्या पार्टमध्ये वर किंवा खाली बाण काढा. ‘जरा सूर बघा’ असं चौघांना एकदम सांगितलं की चौघेही हलतात.

क्यू देण्याबद्दल लोक फार गूढ बोलतात. उठावाच्या श्वासात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: येणारी लय, जोर आणि नादाचा पोत. ‘पियानिसिमो’चा (अगदी मृदू सुरांचा) उठाव हात झटकून दिलात तर पहिला सूर जाडच येणार. श्वास येणाऱ्या लयीतच घ्यायचा, मागच्या लयीत नाही. लय बदलते त्या जागी ही चूक सर्वांत जास्त होते. आणि सगळे क्यू स्वतः देऊ नका. प्रत्येक प्रवेशासाठी ज्याचा गज आधीपासून तारेवर आहे किंवा ज्याच्याकडे आधीची मात्रा आहे, त्याचं नाव पार्टमध्ये लिहा. अमेरिकन संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगरच्या 1931 च्या क्वार्टेटमधला तिसरा भाग याचा चांगला व्यायाम आहे. तिथे चौघांचे आवाज चढतात-उतरतात, पण प्रत्येकाचा शिखरबिंदू वेगळ्या मात्रेवर. एकजण पुढारी आणि बाकीचे त्याच्या मागे, या सवयीने तो भाग वाजूच शकत नाही.

बारांच्या रेषा नसलेलं, ज्याने त्याने आपापल्या लयीत वाजवायचं संगीत लिहिणार असाल तर पोलिश संगीतकार लुटोस्लाव्हस्कीचा 1964 चा क्वार्टेट बघा. चार पार्ट एकमेकांशी उभ्या रेषेत जुळूच नयेत म्हणून त्याला स्कोअर द्यायचाच नव्हता. लासाल क्वार्टेटला पहिला प्रयोग करायचा होता आणि त्यांना स्कोअरशिवाय काम पुढे सरकेना. शेवटी त्याची पत्नी दानुता हिने प्रत्येकाचा मजकूर स्वतंत्र चौकटींत मांडून एक तोडगा काढला. 1965 मध्ये स्टॉकहोमला पहिला प्रयोग झाला. तुमच्यासाठी यातली कामाची बाब ही: कोणत्या खुणेवर कोण पुढच्या चौकटीत जातो, हे त्या पार्टमध्येच लिहिलेलं असतं. ‘बघू, डोळ्यांनी खुणावतो’ यावर असं संगीत सोडलं, तर प्रयोगाच्या दिवशी दिवे तोंडावर असतात आणि डोळे दिसत नाहीत.

उत्स्फूर्त वादन हवं असेल तर आधी स्वतःला विचारा, तिघांना ते येतं का? ज्यांनी आयुष्यभर लिहिलेलंच वाजवलंय त्यांना ‘मोकळं वाजवा’ म्हणणं म्हणजे हात बांधणं आहे. सुरुवातीला चार स्वर द्या, वीस सेकंद द्या, थांबायची खूण द्या. हळूहळू चौकट रुंद करा. या वाटेवर टर्टल आयलंड क्वार्टेट अभ्यासण्यासारखं आहे. डेव्हिड बालकृष्णन या व्हायोलिनवादक-संगीतकाराने ते 1985 मध्ये सुरू केलं. तिथे चेलो बेसचं काम करतो, आणि आतले वादक ‘चॉप’ मारतात: गजाची टाचेकडची बाजू तारांवर आपटून कोरडा ठेका काढायचा. ही युक्ती रिचर्ड ग्रीनने ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या प्रकारात रूढ केली आणि डॅरोल अँगरने क्वार्टेटमध्ये आणली. तुम्ही चॉप लिहिणार असाल तर साध्या फुलीच्या नोटेवर भागत नाही. खाली आपटताना आणि वर उचलताना वेगळा नाद येतो, तो वेगळ्या खुणेने दाखवा. गजाचे केस लवकर झिजतात, तेव्हा अशा तालमीला सगळ्यांनी जुना गज आणावा.

कार्यक्रमात फक्त स्वतःच्या रचना ठेवू नका. नम्रता वगैरेसाठी हे सांगत नाही. दुसऱ्या कोणाची रचना बसवताना तुम्ही चौघे समान असता, आणि ती सवय तुमच्या रचनेपर्यंत पोचते. हंगेरियन संगीतकार बार्टोकचा चौथा क्वार्टेट (1928) घ्या. दुसरा भाग पूर्ण म्यूट लावून, चौथा पूर्ण पिझिकाटो, त्यात तार बोटपट्टीवर आपटणारे पिझिकाटोही आले. चारही पार्टना पुरेसं काम आहे आणि रंग कसा आखावा ते हाताला कळतं. नव्या रचना हव्या असतील तर क्रोनोस क्वार्टेटच्या ‘फिफ्टी फॉर द फ्युचर’ उपक्रमातल्या रचनांचे स्कोअर आणि पार्ट मोफत उपलब्ध आहेत. तरुण क्वार्टेटना समकालीन संगीताची सवय व्हावी याच हेतूने ते लिहून घेतले गेले. त्यात कला रामनाथ आणि झाकिर हुसेन यांच्याही रचना आहेत. मींड आणि गमक पाश्चात्त्य नोटेशनमध्ये कसे उतरवलेत ते बघायला तरी ते पार्ट उघडाच. हेच क्रोनोस 2005 मध्ये आशा भोसले यांच्याबरोबर आर. डी. बर्मनची गाणी घेऊन आलं होतं. त्या ध्वनिमुद्रणात तारवाद्यं किती वेगवेगळ्या वाद्यांची जागा घेतात, ते हेडफोन लावून ऐकण्यासारखं आहे.

पैशाचं दोन ओळींत. रचनेचं मानधन वेगळं, वाजवण्याचं मानधन चौघांना सारखं, आणि हे पहिल्या कार्यक्रमाआधी लेखी. उत्स्फूर्त वादनातून एखाद्याने दिलेली सुरावट तुम्ही पुढे लिहून घेतलीत, तर त्याचं नाव आणि हिस्सा काय, तेही ठरवा. कोणी सोडून गेलं तर क्वार्टेटचं नाव कोणाकडे राहणार, हाही मुद्दा त्याच कागदावर असू द्या. मैत्री असते तोवरच हे सोपं असतं.

आणि पार्टची व्यवस्था. पानाच्या शेवटी विश्रांती नसेल तर पान उलटताना एक वादक गळतो. व्हायोलाचे पार्ट यात सर्वांत जास्त भरडले जातात. टॅबलेट आणि पायाचं पेडल असेल तर प्रश्न सुटतो, पण वाचता येईल एवढा टाइप हवा. प्रत्येक प्रतीवर तारीख घाला, नाहीतर एकाकडे जुना पार्ट, एकाकडे नवा, आणि तालीम बार मोजण्यात जाते. पहिल्या प्रयोगानंतर चौघांचे पार्ट परत मागून घ्या आणि त्यांवरच्या पेन्सिलच्या सगळ्या खुणा, गजाच्या दिशा, ‘थांब’, ‘चेलो ऐक’, ‘इथे लक्ष दे’ म्हणून वादक काढतात ती चष्म्याची चित्रं, एकेक करून फाइलमध्ये उतरवा. ज्या जागी चौघांनीही चष्मा काढलाय, ती जागा पुन्हा लिहायला घ्या.